शास्त्र समजावून सांगायला मी केव्हा तयार होणार?

एका बहिणीने विचारले आहे: ‘मी लहानपणापासून बायबल वाचते. कामावरच्या एका मैत्रिणीने अलीकडे शुभवर्तमान वाचायला घेतलंय आणि ती सारखी विचारते, याचा अर्थ काय, हे असं का लिहिलंय. मी सेमिनरीत, म्हणजे धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात, शिकलेले नाही. उत्तर येत नाही तेव्हा मी विषय बदलते आणि मग ते मनाला लागून राहतं. चुकीचं सांगितलं तर दोष माझ्यावर येईल. दुसऱ्याला शास्त्र समजावून सांगण्याइतकी तयारी झाली, हे ओळखायचं कसं?’

पंचवीसहून अधिक वर्षे मी बायबल अभ्यासाचे लहान गट घेते आहे, आणि हा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण तो भीतीतून आलेला असला तरी ती भीती चांगली आहे. शास्त्र हातात घेताना ज्याला काहीच दडपण येत नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते. तरी एक गोष्ट आजपासूनच थांबवा: विषय बदलणे. ‘हे मला माहीत नाही, आपण दोघी मिळून बघू’ हे पूर्ण उत्तर आहे. मैत्रिणीला त्यातून कळते की तुम्ही तिचा प्रश्न खरा मानलात. विषय बदलला की तिला वाटते, विचारायला नको होते.

तयारी म्हणजे काय, हे मला शिकवले नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायाने. कूश देशाच्या, म्हणजे बायबल ज्याला इथिओपिया म्हणते त्या आजच्या सुदानमधल्या राज्याच्या, कांदके राणीचा खजिनदार यरुशलेमेहून उपासना करून घरी निघाला होता. रथात बसून तो यशयाचा ग्रंथ मोठ्याने वाचत होता, म्हणून तर धावत आलेल्या फिलिप नावाच्या विश्वासणाऱ्याला ते ऐकू आले. फिलिपाने विचारले, वाचताय ते समजते का? तो म्हणाला, कोणी मार्ग दाखवल्याशिवाय कसे समजणार? आणि त्याने फिलिपाला वर येऊन शेजारी बसायची विनंती केली. मग त्याने फार नेमका प्रश्न विचारला: संदेष्टा हे कोणाविषयी म्हणतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी? या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो की फिलिपाने त्याच लेखापासून आरंभ करून त्याला येशूची सुवार्ता सांगितली.

त्याच लेखापासून. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर या दोन शब्दांत आहे. उतारा फिलिपाने निवडलेला नव्हता. तो माणूस यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात, वधायला नेलेल्या मेंढरापाशी अडला होता आणि फिलिपाला तिथूनच चालायला सुरुवात करावी लागली. समोरची व्यक्ती जिथे अडली आहे तिथे जाऊन बसता येणे, आपल्या पाठ केलेल्या विषयाकडे तिला ओढून न नेणे, याला मी तयारी म्हणते. आणि हा फिलिप बारा प्रेषितांपैकी नव्हे. सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या अन्नवाटपात कुरकुर झाली, तेव्हा त्या कामासाठी निवडलेल्या सात जणांपैकी तो एक. सेमिनरीची गोष्ट तुम्ही काढलीत म्हणून हे मुद्दाम सांगते. सेमिनरीच्या शिक्षणाला मी कमी लेखत नाही, मला स्वतःला अशा शिकलेल्या लोकांनी फार दिले आहे. पण शेजारी बसण्यासाठी पदवीची अट शास्त्राने कुठे घातलेली नाही.

पेत्राच्या पहिल्या पत्रातले वचन (३:१५) तुम्ही ऐकलेच असेल, उत्तर द्यायला नेहमी सिद्ध असा म्हणून. ते अनेकदा वादविवादाच्या तयारीसाठी वापरले जाते. पण पत्र कोणाला आहे ते पाहा. पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया, बिथुनिया या प्रांतांत विखुरलेल्या, छळ सोसणाऱ्या लोकांना. त्यांना विचारला जाणारा प्रश्न त्यांच्यात दिसणाऱ्या आशेविषयी आहे, म्हणजे आधी ती आशा कोणाला तरी दिसलेली आहे. तिथला ‘उत्तर’ हा मूळ ग्रीक शब्द न्यायालयात आपली बाजू मांडण्यासाठीचा आहे, आणि असा कडक शब्द वापरून लगेच पेत्र सौम्यतेने द्या असे बजावतो. तुमची मैत्रीण तुम्हालाच का विचारते, याचा विचार केलात का? तिला तुमच्यात काहीतरी दिसले असणार.

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे येते, कारण प्रेमळपणा अभ्यासाची जागा घेऊ शकत नाही. चुकीचे सांगण्याची तुमची भीती बरीचशी एका सवयीने कमी होईल: एकटे वचन कधीही समजावू नका, त्याचा परिसर समजावा. सगळ्यात परिचित उदाहरण घेते. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले २९:११, तुमच्याविषयी माझे जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला भावी सुस्थितीची आशा द्यावी असे आहेत. भेटकार्डांवर, भिंतींवर, परीक्षेला निघालेल्या मुलांच्या वह्यांत हे वचन असते. कोणी विचारले की याचा अर्थ काय, तर तोंडून पटकन निघते: देव तुझं भलं करणार आहे.

पण थोडे मागे जा. हे एका पत्रातले वाक्य आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने इ.स.पू. ५९७ मध्ये यहूदाच्या यखन्या राजाला आणि त्याच्याबरोबर कारागीर, सरदार, याजक यांना पकडून बाबेलला नेले होते, त्यांना यिर्मयाने हे पत्र यरुशलेमेहून पाठवले. त्याच्या आधीच्याच, अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सर्वांसमोर सांगतो की दोन वर्षांच्या आत सगळे परत येतील. लोकांना ऐकायचे होते तेच तो बोलला. यिर्मया मात्र लिहितो: तिथे घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. आणि दहाव्या ओवीत आकडा येतो, सत्तर वर्षे. ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. अकरावी ओवी त्याच्या लगेच नंतरची आहे.

एवढे समजले की त्या वचनातले काही कमी होत नाही, उलट वजन वाढते. तुमची मैत्रीण दीर्घ आजाराशी किंवा न सुटणाऱ्या घरगुती पेचाशी झगडत असेल, तर ‘लवकरच सगळं नीट होईल’ हा हनन्याचा निरोप तिच्या काहीच कामाचा नाही. परक्या नगरात, सत्तर वर्षांच्या छायेतही देवाने त्यांना सोडले नव्हते, हा यिर्मयाचा निरोप तिच्या कामाचा आहे. हे सांगायला तुम्हाला हिब्रू येण्याची गरज नव्हती. दोन अध्याय सलग वाचायचे होते.

सलग वाचणे आपल्याला जड जाते, याला अध्याय आणि ओव्यांचे आकडेही थोडे कारणीभूत आहेत. ते मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन यांनी केली असे मानले जाते, आणि नव्या करारातल्या आजच्या ओव्यांचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ च्या ग्रीक आवृत्तीत छापले. जागा शोधायला हे आकडे फार उपयोगी आहेत, पण ते वाचकाच्या मनात कुंपण घालतात. ओवी संपली की विचार संपला असे वाटते. प्रेषित पौलाचे पत्र ज्या मंडळीला, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला, आले तिने ते एका बैठकीत, कोणीतरी मोठ्याने वाचत असताना ऐकले असणार. तुम्हीही लहान पत्र एकदा तरी तसे वाचून पाहा.

त्याचबरोबर, समोर आहे ते कोणत्या जातीचे लिखाण आहे हे ओळखा. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात चौथी ओवी म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि पाचवी म्हणते, दे. एकाखाली एक, मुद्दाम. नियमांचे पुस्तक म्हणून वाचणारा इथे गोंधळतो. ही शहाणपणाची वचने आहेत, कोणती केव्हा लागू करायची ते ओळखणे हेच शहाणपण, असे समजून वाचणारा हसून पुढे जातो. आणि इतिहासाच्या पुस्तकांत जे घडले ते सगळे देवाला आवडले असे धरू नका. शास्ते या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात इफ्ताह आपल्या नवसापायी स्वतःच्या मुलीचा बळी देतो. ते लिहिलेले आहे. ‘तू असे कर’ असे तिथे कुठेही म्हटलेले नाही, आणि त्या पुस्तकाचे शेवटचे वाक्यच सांगते की त्या दिवसांत प्रत्येक जण आपल्याला योग्य वाटेल तसे करीत असे.

शब्दांपाशी थोडे थांबते, कारण आपण मंडळीत वाढलेले लोक इथे नकळत फार चुकतो. तारण, कृपा, नीतिमान ठरणे, देहस्वभाव, पश्चात्ताप हे शब्द आपल्या कानांना इतके ओळखीचे असतात की समोरच्याला ते वेगळेच ऐकू येतात हे ध्यानात येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेम नावाच्या यहूदी पुढाऱ्याला नव्याने जन्मण्याविषयी सांगतो. बाहेरून येणाऱ्या मराठी वाचकाच्या मनात ‘पुनर्जन्म’ उभा राहतो आणि पुढची सगळी ओळ त्याच अर्थाने वाचली जाते. मी एकदा अर्धा तास बोलले आणि शेवटी समोरच्या गृहस्थांनी शांतपणे विचारले, ‘म्हणजे मेल्यानंतर पुन्हा यायचं, असं तुमच्यातही आहे तर?’ तेव्हापासून मी त्या उताऱ्यात पहिल्यांदा शब्दच उलगडते. मूळ ग्रीक शब्दाचे दोन अर्थ होतात, ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. निकदेम पहिला धरतो आणि विचारतो, म्हातारा माणूस आईच्या उदरात परत कसा जाणार? येशू दुसऱ्याकडे नेतो: आत्म्याकडून, वरून मिळणारे, याच आयुष्यात सुरू होणारे जीवन. निकदेमाचाही गैरसमज झाला होता आणि येशूने त्याला हाकलून दिले नाही, हेही तिथेच सांगता येते. तुमच्या मैत्रिणीला मधून मधून विचारा: या शब्दावरून तुला काय वाटलं? तिच्या उत्तरावरून तुम्हाला कळेल कुठून सुरू करायचे.

आता माझ्या दोन चुका सांगते.

पहिली वंशावळीची. गटात एका निवृत्त शिक्षकांनी विचारले की येशूच्या वंशावळीत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात योसेफाचा बाप याकोब आहे, लूकाच्या तिसऱ्या अध्यायात एली आहे, हे कसे? मी ठामपणे सांगितले, ‘लूकातली वंशावळ येशूची आई मरीया हिची आहे.’ त्यांनी पुस्तक पुढे केले आणि म्हणाले, ‘इथे मरीयेचं नाव दाखवा.’ ते नाही. लूकही योसेफाचेच नाव घेतो. मरीयेची वंशावळ हे काही अभ्यासकांनी सुचवलेले एक स्पष्टीकरण आहे, तशी आणखीही आहेत, पण मी ते शास्त्राचे वाक्य असल्यासारखे सांगितले होते. पुढच्या आठवड्यात मी चूक कबूल केली आणि मग आम्ही दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचल्या. मत्तय अब्राहामापासून खाली येतो, दाविदानंतर शलमोनाच्या राजवंशातून. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट बसवण्यासाठी तो अहज्या, योवाश, अमस्या हे राजे गाळतो. लूक येशूपासून वर चढतो, दाविदाच्या नाथान या मुलामार्गे, आणि अब्राहामापाशी न थांबता आदामापर्यंत जातो. एकाला सांगायचे आहे, हा इस्राएलाचा राजा. दुसऱ्याला, हा सगळ्या मानवजातीचा. कोडे त्या दिवशीही सुटले नाही. पण ते शिक्षक त्यानंतर एकही आठवडा चुकले नाहीत. म्हणून तुम्हाला सांगते: मजकूर काय म्हणतो, लोकांनी त्याचा अर्थ काय लावला आहे, आणि मला काय वाटते, या तिन्हींच्या सीमारेषा बोलताना ऐकू येऊ द्या.

दुसरी चूक जास्त दुखते. पती गेलेल्या एका बाईंनी मला योहानाचा अकरावा अध्याय विचारला. लाजर आजारी आहे हे कळूनही येशू होता तिथेच दोन दिवस का थांबला? मी उत्तर दिले. देवाच्या गौरवाविषयी, चौथ्या ओवीच्या आधाराने, व्याकरणासकट. त्यांनी पुस्तक मिटले, माझे आभार मानले आणि त्या पुन्हा आल्या नाहीत. त्या अध्यायात काय आहे ते मला नंतर दिसले. लाजराची बहीण मार्था येशूला म्हणते, प्रभू, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने दुसरी बहीण मरीया येऊन तेच वाक्य म्हणते. मार्थेला येशू पुनरुत्थानाविषयी सांगतो. मरीयेपाशी तो रडतो. प्रश्न एकच होता, बहिणी दोन होत्या. मी त्या बाईंना मार्थेचे उत्तर दिले आणि त्या मरीयेसारख्या आल्या होत्या. प्रश्न कोण विचारते आहे, कशातून विचारते आहे, हे ऐकल्याशिवाय आता मी तोंड उघडत नाही. ‘हा प्रश्न तुला कधीपासून पडलाय?’ एवढे विचारले तरी पुष्कळदा कळते.

काही वेळा तर वचन समजावणे हे पहिले काम नसतेच. एखादी बाई विचारते, ‘बायकोने नवऱ्याच्या अधीन असावं असं लिहिलंय ना?’ आणि तिच्या मनगटावर वळ दिसतात. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात त्या ओवीच्या आधी एकमेकांच्या अधीन असा असे आहे, आणि पुढे पतीला ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तशी प्रीती करायला सांगितले आहे, हे तिला जरूर दाखवा. पण त्याआधी ती सुरक्षित आहे का ते पाहा. मदत करू शकणाऱ्या जबाबदार माणसांपर्यंत, गरज पडल्यास पोलिसांपर्यंत, तिला पोहोचवा. तसेच कोणी विश्वासाच्या नावाने औषध सोडायचे म्हणत असेल तर डॉक्टरांकडे पाठवा. मार सहन करायला लावण्यासाठी शास्त्र हातात घेणे हा त्याचा गैरवापर आहे, आणि तो ओळखता येणे तुमच्या तयारीचाच भाग आहे.

मतभेदाच्या विषयांचे थोडक्यात: बालकांचा बाप्तिस्मा, प्रभुभोजन, शेवटच्या काळाविषयीची मते, जुन्या करारात कोणती पुस्तके धरायची (कॅथलिक बायबलात एकूण ७३ पुस्तके आहेत, प्रोटेस्टंट बायबलात ६६) यांवर मंडळ्यांची मते निरनिराळी आहेत. ‘आमच्या मंडळीत असं मानतात, याकरता, दुसरे विश्वासणारे असं मानतात’ असे सरळ सांगा. आणि मैत्रीण ख्रिस्ती नसेल तर तिला वाचायचे, विचारायचे आणि न पटल्यास तसे म्हणायचे पूर्ण स्वातंत्र्य आहे, हे तुमच्या वागण्यातून तिला जाणवू द्या. मैत्री उत्तरावर अवलंबून नसावी.

तुमच्या भीतीकडे परत येते. शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल असे याकोब आपल्या पत्रात लिहितो (३:१), ते खरेच आहे आणि ते पुसून टाकू नका. पण त्याच नव्या करारात अपुल्लोही आहे. आलेक्सांद्रियाचा, वक्तृत्व असलेला, शास्त्रात प्रवीण, इफिसच्या सभास्थानात निर्भयपणे बोलणारा. आणि त्याला फक्त बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. त्याची शिकवण अपुरी होती. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला सभेत अडवले नाही, आपल्याजवळ बोलावून देवाचा मार्ग अधिक अचूकपणे समजावला, आणि तो पुढे अखयात पुष्कळांच्या उपयोगी पडला. तुम्हालाही अशी दोन माणसे हवीत: तुमचे पाळक, किंवा मंडळीतली एखादी खूप वाचलेली व्यक्ती, जिला तुम्ही सांगू शकाल, ‘काल मी असं सांगितलं, बरोबर होतं का?’ चूक निघाली तर मैत्रिणीकडे परत जाऊन दुरुस्त करायची. बिरुया या गावचे लोक पौलाचे बोलणेसुद्धा रोज शास्त्रात पडताळून पाहत, आणि लूक त्याबद्दल त्यांचे कौतुकच करतो. मैत्रिणीलाही तुमचे बोलणे तसे पडताळायला सांगा.

कुठून सुरू करायचे असे विचाराल, तर तिने जे शुभवर्तमान उघडले आहे तिथूनच. तिने अजून ठरवले नसेल तर मार्क घ्या. सोळाच अध्याय आहेत, साधारण दीड-दोन तासांत मोठ्याने वाचून होतात. आधी तुम्ही एकटीने पूर्ण वाचा, दोन वेगवेगळ्या मराठी भाषांतरांत, आणि जिथे ती वेगळी पडतात तिथे खूण करा. मैत्रिणीचे बरेचसे प्रश्न तिथेच येतील. वाचण्याआधी प्रार्थना करा, ज्या आत्म्याने हे लिहवून घेतले त्याच्याशिवाय आपण दोघीही आंधळ्याच आहोत. बसल्यावर उतारा तिला वाचू द्या. मग तिने बोलावे, तुम्ही नंतर.

आठव्या अध्यायापर्यंत पोहोचाल तेव्हा बेथसैदाच्या आंधळ्यापाशी थांबा. ही गोष्ट चार शुभवर्तमानांपैकी फक्त मार्क सांगतो. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसते का? त्याला माणसे दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी. येशू पुन्हा हात ठेवतो, तेव्हा सगळे स्पष्ट दिसते. लगेच पुढे पेत्र म्हणतो, आपण ख्रिस्त आहात, आणि तीनच ओव्यांनंतर वधस्तंभाची वाट ऐकून येशूला दटावायला लागतो. त्यालाही अजून झाडेच दिसत होती. तिथे मैत्रिणीला विचारा, तुला आतापर्यंत काय दिसलं आणि काय अजून धूसर आहे. आणि तुमचे धूसर काय आहे, तेही तिला सांगा.